काठाचं येसर

दुष्काळ सगळ्यांनाच वाईट असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या केज तालुक्यात येऊन चौकशी करावी. टँकरवाल्याला विचारावं, चारा छावणी चालवणाऱ्याला विचारावं, बोअर पाडणाऱ्या मशीनवाल्याला विचारावं. ज्या साली मांजरा धरणाच्या तळाशी लोक मोटारसायकली फिरवायला लागले, त्या साली या तिघांनीही घरांवर मजले चढवले. चौथी तुळजाबाई. तिने मजला चढवला नाही, पण तिचं येसर त्या साली इतकं दळायला आलं की माझ्या गिरणीचा पट्टा तुटला.

मी राधाकिशन गिरणीवाला. गावातली खात्रीची बातमी माझ्याकडे मिळते. त्यात माझं कौतुक काही नाही. गिरणी चालू असली की बायांना कानातली गोष्टही ओरडूनच सांगावी लागते.

येसर म्हणजे बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने वगैरे खरपूस भाजून, मसाला घालून दळलेलं पीठ. पाण्यात कालवलं आणि उकळी आणली की आमटी तयार. ऊसतोडीला गेलेल्या बाईला अंधारातच फडात उतरायचं असतं, वाटण करत बसायला तिला सवड कुठली? म्हणून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघाल्या की प्रत्येक बिऱ्हाडासोबत येसर जातंच. आणि पाऊस पडला नाही की ज्यांनी जन्मात कोयता धरला नाही तेही ट्रकमध्ये चढतात. म्हणजे पाऊस जितका कमी तितकं येसर जास्त. ही व्यवस्था देवाने कुणाच्या सल्ल्याने केली ते मला माहीत नाही, पण सल्लागार आमच्याच तालुक्यातला असावा.

तुळजाबाईचा नवरा आश्रुबा. भाजणीचा धूर झाला की त्याचे डोळे चुरचुरायचे, म्हणून भाजणीच्या दिवसांत तो पारावर बसायचा. बाकीच्या दिवसांतही पारावरच बसायचा, पण तेव्हा त्याला कारण लागत नसे. धंदा जरा चालायला लागल्यावर मात्र त्याने एकदा अंग मोडून मेहनत घेतली. केजला गेला, फेटा बांधून फोटो काढला आणि ‘आश्रुबा येसर’ अशी लेबलं छापून आणली. लेबलाचा अर्धा भाग मिशीनेच व्यापला होता. लोक मिशी बघून माल घेतात, असं त्याने तुळजाबाईला सांगितलं आणि तिला ते पटलं. ती बिचारी लेबल प्लास्टिकच्या पिशवीत आतून सरकवायची आणि पिशवीचं तोंड जुन्या लुगड्याच्या लाल काठाची पट्टी फाडून बांधायची. सुतळीला पैसे पडतात आणि लुगडं काय, फाटतच असतं.

आता सुंदररावांची ओळख करून देतो. सुंदरराव चेअरमन. मूळ संस्था दुधाची. दुष्काळात जनावरं छावणीत गेली, दूध आटलं, पण संस्था आटली नाही. इमारत होती, संचालक मंडळ होतं, जीप होती, जीपमध्ये डिझेल होतं. दुधासारखी क्षुल्लक गोष्ट तेवढी नव्हती. अशा वेळी सुंदररावांच्या कानावर आलं की महिलांच्या सहकारी संस्थेचा स्वतःचा नोंदणी केलेला ब्रँड असेल तर सरकार मदत देतं. महिलांची संस्था काढायला त्यांना एक दुपार पुरली. अध्यक्ष म्हणून त्यांच्या मंडळी वत्सलाबाई सोयीच्या होत्या, कारण त्या घरातच होत्या. प्रश्न ब्रँडचा होता. ब्रँड उभा करायचा तर वर्षानुवर्षं चुलीपुढे बसून डोळे लाल करून घ्यावे लागतात. उभा असलेला उचलायला मात्र एक सही पुरते.

बीडच्या वकिलाने सुंदररावांना सांगितलं की नाव आणि चेहरा जिवंत माणसाचा असेल तर त्याची लेखी संमती लागते. मग काय, संस्थेने आश्रुबाचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, ‘उद्योगभूषण’ लिहिलेली पाटी, शिवाय संस्थेवर स्वीकृत संचालक म्हणून नेमणूक आणि बैठकीला हातांची खुर्ची. आश्रुबा आयुष्यभर पारावर बसलेला, त्याला हात टेकायला कधी काही मिळालं नव्हतं. सही करण्यापूर्वी कागद वाचायचा असतो हे त्यालाही माहीत होतं, पण फोटोग्राफर ताटकळला होता.

ही सही झाली आदल्या वर्षीच्या दुष्काळात आणि नोंदणीचं प्रमाणपत्र आलं या वर्षीच्या दुष्काळात. मध्ये दुष्काळ उठलाच नव्हता, त्यामुळे कुणाला एवढा काळ गेल्याचं जाणवलं नाही. तुळजाबाईला तर काहीच माहीत नव्हतं. नवऱ्याचा सत्कार झाला म्हणून तिने त्या दिवशी पुरण घातलं होतं.

संस्थेच्या मालाचं उद्घाटन दिवाळीच्या तोंडावर झालं. मंडप, माइक, चकचकीत पाकिटांची रास आणि प्रत्येक पाकिटावर आश्रुबा. तुळजाबाई बायांमध्ये मागे बसली होती. आपल्या मालकाचा फोटो संस्थेच्या पाकिटावर बघून तिला आधी वाटलं, हा सत्काराचाच काही भाग असावा. मग सुंदररावांनी भाषणात सांगितलं की आता ‘आश्रुबा’ हे नाव कायद्याने संस्थेचं झालं आहे, आणि योगायोग असा की आपल्या कैलासवासी वडिलांचंही नाव आश्रुबाच होतं, त्यामुळे आज आपला ऊर भरून आला आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुळजाबाईने माझ्याकडे पाहिलं. तिची ती नजर मला अजून आठवते आणि आठवली की अजून राग येतो.

मग वत्सलाबाईंना माइकपुढे उभं केलं. ब्रँडचं नाव जाहीर करून पाकीट उंच धरायचं, एवढंच काम. वत्सलाबाई म्हणाल्या, आपल्या संस्थेचं हे... हे येसर. सुंदररावांनी बाजूने हळूच नाव घ्यायला सांगितलं. त्या पुन्हा अडल्या. त्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा वत्सलाबाईंनी पदर डोक्यावर पुढे ओढला आणि माइक तोंडापुढे आहे हे विसरून म्हणाल्या, “मामंजींचं नाव मी कसं घिऊ?”

बायांमध्ये माना डोलल्या. एकही हसली नाही. आम्ही पुरुष खो खो हसलो, कारण आम्हाला तो विनोद वाटला. नवऱ्याचं, सासऱ्याचं, थोरल्या दिराचं नाव बाई तोंडाने घेत नाही हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आश्रुबा नावाला आमच्या भागात तोटा नाही हेही ठाऊक होतं. पण या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघायची बुद्धी त्या मंडपातल्या एकाही मिशीवाल्याला झाली नाही, आणि त्यात मीही आलो.

चार दिवसांनी तुळजाबाईला नोटीस आली. ‘आश्रुबा’ हे नाव व चित्र संस्थेच्या मालकीचं असून आपण ते कोणत्याही स्वरूपात वापरू नये, अन्यथा कारवाई. ती नोटीस घेऊन ती गिरणीत आली आणि मला वाचायला लावली. मी गिरणी बंद करून वाचली. तिच्या घरात सगळं धान्य भाजून, दळून पिशव्यांत भरलेलं होतं. टोळ्या निघायला आल्या होत्या. येसर विकायचं ते याच आठवड्यात, ट्रक एकदा गेले की मागे गावात उरतात म्हातारी माणसं, आणि त्यांना फडावरच्या आमटीची गरज नसते. या आठवड्यात माल गेला नाही तर पुढच्या साली भाजायला तिच्याकडे काही राहणार नव्हतं. धंदा संपला, एवढा सरळ अर्थ होता.

आश्रुबाही तिथे आला. त्याच्या मते यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. तो म्हणाला, “तू संस्थेत रोजानं भाजायला ये की. मी संचालक हाय, चेअरमनला सांगतो, तुला सावलीत बसवत्यान.”

स्वतःचं येसर दुसऱ्याच्या रोजावर भाजायचं, तेही नवऱ्याच्या वशिल्याने. मला त्याची मिशी धरून त्याला पाराभोवती फिरवावंसं वाटलं. तुळजाबाईने माझ्या हातातली नोटीस घेतली. घरी गेली आणि सगळ्या पिशव्यांतली लेबलं काढून चुलीत घातली. लेबल नाही, मिशी नाही, म्हणजे कुणी घेणार नाही, अशी तिची खात्री होती. तरी मी तिला म्हणालो, आण गिरणीच्या ओट्यावर, बघू. तिने पिशव्या आणून मांडल्या आणि पदराने तोंड झाकून कोपऱ्यात बसली. उघड्या अंगाने चारचौघांत यावं लागलं तर माणूस जसा बसेल, तशी.

बाया आल्या. दर वर्षीसारख्या आल्या. कुणी एक घेतली, कुणी दोन घेतल्या, पैसे ठेवले, दळणाची चौकशी केली, गेल्या. लेबल कुठे गेलं हे कुणी विचारेना. मला वाटलं, लक्षात आलं नसेल. तुळजाबाईलाच राहवेना. धारूरकडच्या टोळीच्या मुकादमाची बायको भिवराबाई पिशव्या भरत होती, तिला तिने स्वतःहून सांगितलं की यावर आता मालकांचा फोटो नाही, नंतर म्हणशील आधी सांगितलं नाही.

भिवराबाईने पिशवी फिरवून बघितली. “फोटो गेला व्हय? आमी तर पिशवी उलटीच ठिवायचो बाई. आमच्या थोरल्या दिरांचं नाव तेच, आन् वर मिशी. त्यांच्या म्होरं भाकरी कशी थापावी? आमी काठ बघून घेतो. फडावर समद्या काठाचंच म्हनत्यात.”

एवढं बोलून ती गेली. पिशवी रिकामी झाली की ती पट्टी पोरीच्या वेणीला बांधतात, हेही जाता जाता सांगून गेली. तुळजाबाईने एक पिशवी उचलून तिचा काठ बघितला. मग ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. इतकी वर्षं जे लेबल तिने जपून, कोपरे न दुमडता आत सरकवलं, ते भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं होतं. आणि जी चिंधी तिने पैसे वाचवायला बांधली, तिच्यावर धंदा उभा होता. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. तिला तर नव्हतंच.

तिकडे संस्थेची पाकिटं ट्रक अड्ड्यावर मांडलेली होती. पुरुष येऊन मिशी बघायचे, वा म्हणायचे आणि पुढे जायचे, कारण येसर पुरुष विकत घेत नाहीत. बाया पदर ओढून लांबून जायच्या. सुंदररावांनी याचा अर्थ असा लावला की तुळजाबाई लपूनछपून संस्थेच्या नावाने माल विकते आहे. त्यांनी बीडहून वकील बोलावला, आपल्याच वाड्यावर जेवायला ठेवलं आणि जेवणानंतर चौकशी ठेवली. तुळजाबाईला बोलावणं आलं. मी सोबत गेलो. आश्रुबा आधीच तिथे होता, पण खुर्चीत नव्हता, दाराशी उभा होता. संस्थेला नाव मिळालं होतं, माणसाला बसवून काय करायचं?

वकील तेव्हा जेवत होता. त्याने आमटीची वाटी पुन्हा मागितली आणि सुंदररावांना म्हणाला की तुमचा माल खरंच उत्तम आहे, कोर्टात हीच चव दाखवली पाहिजे. सुंदरराव खूश झाले. स्वयंपाकघरातून वत्सलाबाईंचा आवाज आला, “आपलं न्हाई ते. काठाचं हाय.”

सुंदररावांनी त्या दिशेने असं बघितलं की दुसरी कुणी असती तर घाबरली असती. वकिलाने मात्र हात धुतले आणि कामाला लागला. तुळजाबाईला विचारलं की तुम्ही तुमच्या मालावर ‘आश्रुबा’ हे नाव वापरता की नाही? तिने पिशवी पुढे ठेवली. त्याने ती उलटसुलट केली. लेबल नव्हतं, नाव नव्हतं, केसभर मिशी नव्हती. मग त्याने विचारलं, निदान तोंडी तरी गिऱ्हाइकांना हे नाव सांगता की नाही, खरं सांगा.

तुळजाबाई एकदा दाराशी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघून बोलली. “साहेब, तुमची नोटीस आत्ता आली. मी लग्न झाल्यापासून ती पाळतीय. माळ गळ्यात पडल्यापास्नं ह्या तोंडातून ते नाव एकदाबी निघालं न्हाई. गावात कुनालाबी इचारा.”

वकिलाने सुंदररावांकडे पाहिलं, सुंदररावांनी भिंतीवरच्या कैलासवासी वडिलांकडे पाहिलं. अर्ध्या गिऱ्हाइकांना जे नाव उच्चारताच येत नाही ते नाव आपण सरकारी शुल्क भरून, सत्कार करून, वकील लावून कायमचं आपल्या मालकीचं केलं आहे, हे त्यांना उमजायला थोडा वेळ लागला. त्यांची समजूतदारपणाबद्दल ख्याती होती, पण ती सहकार क्षेत्रात. संस्थेची पाकिटं नंतर दुधाच्या रिकाम्या गोदामात गेली आणि ती उंदरांनी नावाचा कुठलाही संकोच न बाळगता खाल्ली.

पण निघता निघता मी एक गोष्ट ऐकली. वकील सुंदररावांना हळू आवाजात सांगत होता की नावच लागतं असं नाही, गिऱ्हाईक ज्या खुणेवरून माल ओळखतं ती खूणही नोंदवता येते. लाल काठ, चेअरमन साहेब, लाल काठ. सुंदरराव बुद्धीने मंद असले तरी पायाने चपळ होते. दुसऱ्या दिवशी त्यांची जीप अंबाजोगाईला गेली आणि साड्यांच्या काठांचा गठ्ठा घेऊन आली, अशी बातमी पहिल्याच दळणाला माझ्याकडे पोचली.

मी गिरणीला कुलूप लावलं आणि तुळजाबाईला म्हणालो, चल. केजला एक नवीन वकीलबाई आल्या होत्या, त्यांना गाठायचं ठरलं. केजच्या प्रवासी जीपमध्ये चढलो तर आश्रुबा आधीच येऊन बसलेला. कुणी बोलावलं नव्हतं. फेटा नव्हता, उद्योगभूषणही उतरलेलं दिसत होतं. मी असल्याशिवाय तिला कचेरीत बोलता यायचं नाही, असं तो मला म्हणाला. तुळजाबाईने ऐकलं, पण मान वळवली नाही.

वकीलबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, जो आधीपासून वापरतो त्याचा हक्क मोठा. जुनी गिऱ्हाइकं साक्षीला आहेत, काम होईल, वेळ लागेल. पिशवीच्या तोंडाला बांधलेल्या काठाचा फोटो काढला. मग लिहायला घेतलं. धंद्याचा मालक कोण? तुळजाबाई म्हणाली, “मी.” हे मात्र तिने लगेच सांगितलं. पूर्ण नाव? “तुळजाबाई,” ती म्हणाली आणि थांबली.

बाई पुढच्या शब्दासाठी पेन धरून थांबल्या. आमच्याकडे अशा वेळी शेजारचं माणूस नाव सांगतं, कचेरीत, दवाखान्यात, मतदानाच्या खोलीतही. आश्रुबाला ते पाठ होतं. तो खुर्चीत पुढे सरकला, घसा साफ केला आणि बऱ्याच दिवसांनी आपला उपयोग होतो आहे अशा चेहऱ्याने तोंड उघडलं. तुळजाबाईने हात आडवा धरून त्याला थांबवलं.

“आश्रुबा,” ती म्हणाली. “तुळजाबाई आश्रुबा. ल्ह्या.”

आवाज चढलेला नव्हता. लाजही नव्हती त्यात, आणि मला वाटतं, रागसुद्धा नव्हता. बाजारात वांग्याचं नाव घ्यावं तसं तिने ते घेतलं. बाईंना काहीच विशेष वाटलं नाही, त्यांनी लिहिलं. आश्रुबाने मात्र चपापून मागे पाहिलं, आणखी कुणी त्या नावाचा माणूस खोलीत आहे की काय. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. इतकी वर्षं ते नाव तिने जिभेवर येऊ दिलं नव्हतं. ज्याचं होतं त्याने ते शालीवर देऊन टाकलं. मला एकदम वाईट वाटलं, त्याच्यासाठी नव्हे.

वकीलबाईंनी शेवटी विचारलं की खुणेसोबत कुणाचं चित्र, कुणाचा चेहरा घालायचा आहे का? तुळजाबाई म्हणाली की कुणाचंबी तोंड नको, काठ बास हाय.

परतीच्या जीपमध्ये गर्दी होती. गावातल्या बाया होत्या, केजच्या बाजारातून निघालेल्या. तुळजाबाईने पुढच्या भाजणीसाठी धन्यांचं पोतं घेतलं होतं, ते ठेवायला जागा नव्हती. आश्रुबा दोन माणसांच्या जागेत पाय पसरून बसला होता. ती पोतं घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली.

“आश्रुबा, सरका जरा. पोतं ठिवायचंय.”

जीपमधल्या सगळ्या बाया बोलायच्या थांबल्या. ड्रायव्हरनेही आरशातून मागे पाहिलं.

आश्रुबा सरकला.